नारदाचा होकार

"ही पोरगी म्हणजे ध्रुवच की," सिनेमा संपताच आमचे हे सगळ्यांदेखत म्हणाले. "दाराशी रडणारी आई ती सुनीती. आणि शहर म्हणजे रान."

पडद्यावरच्या त्या पोरीसारखंच आमच्या लेकीला, वारिजेलाही घर सोडायचं होतं, पुण्याला कॅमेऱ्याचं काम शिकायला. प्रवेश मिळाला होता. यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

हे म्हणजे पद्मनाभ हंदे, पतपेढीतले कारकून आणि ताळमद्दळेतले नावाजलेले वक्ते. ताळमद्दळेत वेष नाही, नाच नाही. भागवतांनी, म्हणजे कथा चालवणाऱ्या गायकाने, पद गायचं आणि वक्त्यांनी बसल्या बसल्या पुराणातली पात्रं होऊन भांडायचं. कर्नाटकात कुंदापुराकडच्या आमच्या गावात वाचनालयातल्या सिनेमावरची चर्चाही अशीच रंगते.

भागवतांनी लगेच ध्रुवाचीच कथा घेतली आणि यांना नारद दिला. ध्रुव कोण, असं विचारताच वारिजा पुढे जाऊन बसली. मी डोळे वटारले, पण तिने पाहिलंच नाही.

नारद आधी ध्रुवाला परत फिरवायला बघतो. यांनी तर पोरीला सळो की पळो केलं. रानात वाघ आहेत, तिथे तुझं कोण आहे, आईने इथे टिपं गाळत बसायचं का. लोक खूश होते.

"अप्पा, मला खरंच बोलावणं आलंय," वारिजा म्हणाली. "पुण्याहून. जूनमध्ये जायचंय."

वाद हवा तेवढा घाला, पण कथा अडवायची नाही, हा तिथला नियम. नारदाला शेवटी मंत्र द्यावाच लागतो. भागवत टाळ धरून थांबले होते.

"आईला माहीत होतं?"

"हो."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरचा शेला सारखा केला. "जा बाळ. यमुनेच्या काठी मधुवन आहे." पद सुरू झालं आणि माझा जीव भांड्यात पडला.

तरी धाकधूक होतीच, बैठकीतला होकार घरापर्यंत टिकेल ना. घराच्या फाटकाशी हे थांबले.

"नारद मंत्र देतो आणि निघून जातो," म्हणाले. "त्याचं बरं असतं."

मग वारिजेला विचारलं, तिथे आपला उकड्या तांदळाचा भात मिळतो का. मिळत नसावा, ती म्हणाली.

सकाळी कामावर जायच्या आधी यांनी कणगीतला तांदूळ पाखडून पिशवीत भरला, तोंड सुतळीने बांधलं आणि ती दाराशी ठेवली. जून अजून लांब होता. मी पिशवी तिथेच राहू दिली.