जागा कुणाला सांगायची नसते

सप्टेंबर उजाडला की आमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात मूर्खांची रांग लागते. रंगाचे डबे आणि कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमधल्या काउंटरवर एल्कच्या शिकारीचा परवाना मिळतो. घोड्याएवढं हरीण मारायचं, पण चिठ्ठ्यांची सोडत नाही की वाट पाहणं नाही. ओळखपत्र दाखवा, पैसे टाका, कागद खिशात घाला. कोलोरॅडोतल्या नावाजलेल्या विभागांसाठी चिठ्ठ्या काढतात, आणि माणसं दहा-दहा वर्षं नशिबाच्या नावानं बोटं मोडत बसतात. उरलेल्या सरकारी रानासाठी हा काउंटर. कागद हातात पडला की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "जाऊ कुठं?"

गाव उत्तर देतं. हसून, आपुलकीनं, आणि साफ खोटं. आमच्याकडचा माणूस बायकोला पगार सांगेल, पाद्र्याला पाप सांगेल, पण एल्क कुठं मारला ते मरताना विचारलं तरी सांगणार नाही. मी एकतीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवला. इथला रस्ता न् रस्ता मला पाठ आहे, त्यामुळे माझं खोटं सगळ्यांत पटण्यासारखं असतं. टेक्सासवाले तर ते वहीत लिहून घेतात.

माझीही एक जागा आहे. विभागाचा नंबर सांगणार नाही. तुम्ही कोण, कुठले, मला काय माहीत.

ती जागा मी सोडून एकट्या होलिसला माहीत होती. सव्वीस वर्षं आम्ही दोघं तिथं गेलो. पाडणारा मी, वाहणारा तो. बाहेरच्यांना वाटतं, गोळी लागली की शिकार संपली. नर एल्क पडला की त्याचे चार तुकडे करायचे, एकेक मागचा पाय ऐंशी पौंडांचा, आणि ते पाठीवर घालून तीन मैल उताराची वाट तुडवायची. मध्ये इतकी झाडं आडवी पडलेली की घोडा जात नाही. चार फेऱ्या. मांस रानात कुजू दिलं तर कायद्यानं गुन्हा, आणि गावात त्याहून वाईट. अशा माणसाला आमच्याकडे कुणी कॉफी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात होलिसची फुप्फुसं थकली आणि त्याला त्याच्या लेकीनं ॲरिझोनाला नेलं. माझा उजवा गुडघा तर आधीच गेलेला. डॉक्टर म्हणाला, पुढच्या वर्षी बदलू. म्हणजे या गुडघ्यावरचा हा शेवटचा हंगाम, आणि बदललेल्या गुडघ्यावर कुणी सत्तराव्या वर्षी त्या चढाला लागत नाही. मला एक शेवटचा नर हवा होता आणि तो खाली आणायला एक पाठ. हे मला समजत होतं. कुणाला विचारायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची.

तेवढ्यात जनेलचा, माझ्या लेकीचा, फोन आला. "डॅड, या वर्षी प्रेस्टनला घेऊन जा ना बरोबर."

"कशाला? फोटो काढायला?"

"एकदाच. त्याची फार इच्छा आहे."

"मी एकटाच जातो."

"होलिस काय भूत होता का?" म्हणून तिनं फोन ठेवला.

प्रेस्टन माझा जावई. ओहायोचा. दातांचे विमे विकतो. कॉलेजात होड्या वल्हवायचा, त्यामुळे खांदे दाराएवढे, आणि डोक्यात तेवढीच हवा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मला डॅड म्हणतो. मला विचारलंसुद्धा नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हे जावईबापू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. टेबलावर लॅपटॉप, शेजारी नकाशे, चार रंगांच्या पेन्सिली. माझी मिठाची बाटलीसुद्धा उचलून बाजूला ठेवली. सहा विभागांची दहा वर्षांची आकडेवारी त्यानं काढली होती: किती शिकारी गेले, किती जनावरं पडली.

"डॅड, हा बघा. शंभरातल्या चौतीस जणांना मिळतो! बाकी सगळीकडे दहा-बारा."

मी बघितलं आणि हसू दाबायला कॉफीचा कप तोंडाला लावला. चौतीस खरेच. पण त्या विभागाच्या मधोमध दोन मोठी रँचेस आहेत, गुरांची खासगी कुरणं, हिरवीगार, कुंपण घातलेली. शनिवारी पहिली गोळी वाजली की झाडून सगळे एल्क कुंपण ओलांडून तिथं चरायला जातात. ते चौतीस तिथं पडतात, रँचवाल्याला हजारो डॉलर मोजणाऱ्यांच्या हातून. सरकारी रानात उरतं सेजचं झुडूप आणि गाईंचं शेण. हे आकड्यांत लिहिलेलं नसतं. काउंटीत जन्मलेल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"झकास निवड," मी म्हणालो.

"खरंच?"

"आकडे खोटं बोलतात होय?"

तो इतका खूश झाला की मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. मजा वाटली. मग पेन्सिल खाली ठेवून त्यानं विचारलं, "तुम्ही कुठं जाता? म्हणजे, आपण दोघं एकत्रच..."

"जिथं जनावर असेल तिथं. तू तुझ्या चौतीसमध्ये जा बाबा. माझ्या पायात पाय नको."

त्यानं मान हलवली आणि पेन्सिली गोळा केल्या. मिठाची बाटली परत जागेवर ठेवली. चुकीच्या जागेवर.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी पहाटे चढायला लागलो. जो चढ दीड तासाचा, त्याला तीन तास लागले. एकेका आडव्या झाडावर बसून पाय हातानं उचलून पलीकडे टाकत होतो. शिव्या सगळ्यांना दिल्या: होलिसला, डॉक्टरला, ओहायोला. नऊच्या सुमाराला माझ्या खडकापाशी पोचलो आणि श्वास बसतो न बसतो तोच ॲस्पेनच्या झाडीतून नर बाहेर आला.

सहा-सहा फाट्यांची शिंगं. मान काळीभोर. शंभर पावलांवर आडवा उभा राहून गवत खायला लागला. असा सव्वीस वर्षांत दोनदा पाहिला असेल. मी बंदूक खडकावर टेकवली. खांद्यामागची जागा बरोबर बंदुकीवरच्या दुर्बिणीत आली. बोट घोड्यावर गेलं.

आणि मी फेऱ्या मोजायला लागलो.

चार तुकडे. या गुडघ्यावर दिवसाला एक फेरी, तीही झाली तर. चार दिवस. वर ऊन इतकं चढलेलं की मी कोट काढून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी माश्या बसणार, तिसऱ्या दिवशी वास सुटणार. खाली पडलेला हा राजा आणि त्याच्याशेजारी बसलेला मी, एक पाय खांद्यावर घ्यायची ताकद नसलेला.

बोट काढलं. त्यानं मान वर केली, माझ्याकडं जरा बघितलं, आणि निवांत चरत झाडीत गेला. मी तिथंच रडलो. सांगायला लाज वाटते, पण रडलो. दुःखापेक्षा रागानं. दाराएवढे खांदे असलेला एक माणूस माझ्या टेबलाशी बसला होता, आणि मी त्याला शेण हुंगायला पाठवला होता.

हंगाम नऊ दिवसांचा. अजून आठ उरले होते, आणि नराला कुणी हुसकावलं नव्हतं. खाली उतरता उतरता ठरवलं: जायचं, प्रेस्टनला सांगायचं, उद्या पहाटे त्याला वर न्यायचं. जागा दाखवायची. होलिसनंतर तो.

चाळीस मैल गाडी हाकून त्याच्या विभागात पोचलो. जत्रा भरली होती. मातीच्या मैदानात साठ-सत्तर पिकअप, नारिंगी जाकिटं, कुणाचं जनरेटर घरघरतंय, कुणी बियर पितोय. आणि कुंपणापलीकडे, रँचच्या गवतात, दीडशे-दोनशे एल्क आडवे पडून रवंथ करत होते. सगळे मूर्ख कुंपणाशी ओळीनं खुर्च्या टाकून दुर्बिणीतून त्यांच्याकडे बघत होते.

प्रेस्टन एका पातेल्यात मांस-राजम्याची चिली ढवळत होता. मला बघून उभाच राहिला.

"डॅड! या, बसा. या खुर्चीवर बसा, ही उंच आहे." त्यानं माझ्यासाठी वाडगा भरला. कुंपणाकडे बोट दाखवून स्वतःच हसला. "माझे चौतीस टक्के. सगळे पलीकडे. तुम्हाला माहीत होतं, ना?"

मी चिली खाल्ली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुमचं सांगा. कुठं होतात? दिसलं काही?"

विचारायलाच तर आलो होतो. वाक्य जुळवून ठेवलं होतं, चाळीस मैल तेच घोकत होतो. तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"ड्राय फोर्कला," मी म्हणालो. "काही नाही तिथं."

ड्राय फोर्क ही जुन्या खाणीखालची कोरडी घळ. तिथं खारीसुद्धा नाइलाजानं राहतात. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. मला माझाच तिरस्कार आला. पण आता खरं सांगायचं तर आधी खोटं बोललो हे कबूल करायला हवं होतं, तेही विमे विकणाऱ्यापुढं.

प्रेस्टननं पातेल्याखालची आच कमी केली. मग म्हणाला, "डॅड, एक बोलू? जनेलनं सांगितलंय की गुडघ्याचा विषय काढायचा नाही. पण मला शिकार वगैरे येत नाही हो. सशापेक्षा मोठं काही मी मारलेलं नाही. मी आलोय ते ओझं वाहायला. गाडीत पाठीवर ओझं बांधायची चौकट आहे, दोरखंड आहेत. सकाळपासून त्या टेकाडावर बसलो होतो, फोनला तिथंच रेंज आहे. म्हटलं, तुमचा फोन आला तर."

मी वाडगा खाली ठेवला.

"तशी वेळ नाही आली," मी म्हणालो.

"मग उद्या मी तुमच्याबरोबर ड्राय फोर्कला येतो. तुम्ही पुढं चाला, मी मागं. बोलणारसुद्धा नाही."

रविवारी आम्ही ड्राय फोर्कला गेलो. सोमवारीही. मंगळवारी त्यानं कामावर फोन करून आणखी चार दिवसांची रजा मागून घेतली. मी घळीतल्या दगडावर बसायचो. माझ्या मागं तो बसायचा, पाठीवर रिकामी चौकट बांधून, शब्द दिल्याप्रमाणे गप्प. दुपारी सँडविचचा मोठा अर्धा मला द्यायचा. वरच्या डोंगरावर रोज कुठंतरी एखादी गोळी वाजायची आणि मला वाटायचं, गेला माझा नर.

शुक्रवारी दुपारी त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. हळूच म्हणाला, "डॅड, इथं खरंच येतात का ते?"

"येतात," मी म्हणालो. "धीर धर."