मरीमायची गाडी

नागपूरच्या कॉलेजातून विद्यार्थ्यांचे आरोग्य पथक आमच्या करंजटोल्याला येणार, असा निरोप आला तेव्हा मला चक्क आनंद झाला होता. मी या गावच्या शाळेचा एकुलता एक मास्तर. त्या भाद्रपदात गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ शिरली होती, तीन माणसे गेली होती, आणि गोंडपिपरीचा रस्ता चिखलाने बंद पडायच्या बेतात होता. शिकलेली पोरे येतील, सुया टोचतील, गाव वाचेल, एवढा सरळ हिशेब मी केला. मास्तरकीत माणूस भाबडा होतो.

गावालाही मी शहाणे म्हणणार नाही. पटकी आली की आमचे लोक आधी मरीमायला, साथीच्या देवीला, गावाबाहेर काढतात. लाकडाची हातभर गाडी करायची, तीत लाल लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली बाहुली बसवायची, बांगड्या, लिंबू, हळद ठेवायची, आणि शिवेपलीकडे नेऊन सोडायची. नेणाऱ्याने अनवाणी जायचे, मागे वळून बघायचे नाही, आणि दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवेपर्यंत गावात पाय ठेवायचा नाही. शिवेपलीकडच्या गावाला गाडी दिसली की ते ती पुढच्या शिवेवर ढकलतात. शेजारधर्म आमच्याकडे असा असतो.

पण मी या गावात भांडून भांडून एक गोष्ट शिकलो होतो. गाडी एकदा शिवेबाहेर गेली की हेच लोक सुईला हात पुढे करतात. गावाचा पुजारी मुखरूभाऊ मला म्हणाला होता, "गुर्जी, मरी गेली का मंग तुमची सुई चालते. घरात पाहुनी बसली असताना दार बंद करून काय फायदा?" म्हणून पथक यायच्या आदल्या दिवशी गाडी काढायचे ठरले, आणि मुखरूभाऊने ती काढलीही. आता फक्त पथकाने यायचे होते.

पथक आले. बैलगाडीतून चार पोरे आणि एक मुलगी उतरली. पुढारी होते गुणवंतराव. शेवटच्या वर्षाला होते, आणि बरीच वर्षे शेवटच्याच वर्षाला होते. अंगात खादीचा कोट, गळ्यात शिट्टी आणि कॅमेरा. मुलगी खुर्शीदा, चांद्याच्या एका बांगडीवाल्याची लेक. सुई धरायची खुर्शीदाने आणि शिट्टी फुंकायची गुणवंतरावांनी, अशी कामाची वाटणी मला तिथेच दिसली.

आणि औषधांच्या पेटीवर, फुलदाणी ठेवावी तशी, मरीमायची गाडी ठेवलेली होती.

"शिवेवर पडली होती," गुणवंतराव म्हणाले. "काय सुंदर लोककला आहे, मास्तर! आमच्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ठेवू."

मी तोंड उघडायच्या आत चावडीवरच्या बायांनी ते पाहिले होते. घराघरांची दारे धडाधड लागली. ज्या पेटीवर मरी बसून आली त्या पेटीतली सुई आता कोण घेणार? उंटावरचा शहाणा म्हणतात तो निदान उंटावर तरी असतो. हा बैलगाडीत बसून आला आणि काढलेला रोग स्वतःच्या हाताने परत घेऊन आला.

त्यातच दुपारी रंभाच्या पोरीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चंदा, माझ्या पहिलीतली. पाटीवर कधी अक्षर काढायची नाही, फक्त मोर काढायची, आणि मी रागावलो की पाटी पोटाशी धरून हसायची. मी खुर्शीदाला घेऊन धावलो. पोरीचे डोळे आत गेले होते, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती.

"आत्ता सलाइन लावलं तर वाचते," खुर्शीदा म्हणाली.

रंभा दारात आडवी उभी. "बाई, तुया पेटीवर मरी बसून आली. आधी तिले गावाबाहेर काढा. मंग माह्या पोरीले हात लावा."

मुखरूभाऊने निवाडा केला: ज्याने आणली त्यानेच न्यायची. रीतच तशी होती. आणि मला तर तो निवाडा दुहेरी सोयीचा वाटला, कारण गुणवंतराव गावाबाहेर गेले असते तर पथकाचे काही अडणार नव्हते.

गुणवंतरावांनी भाषण सुरू केले. अंधश्रद्धा, विज्ञान, स्वतंत्र भारत. समोर श्रोता कोण, तर मी, मुखरूभाऊ आणि एक कुत्रे. मी म्हणालो, "अहो, पोर सुकून राहिली आहे. भाषण शिवेवर करा." ते म्हणाले, "मी पथकप्रमुख आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे." तेव्हा खुर्शीदाच चिडून पुढे झाली. "गुणवंतभाऊ, ती गाडी मीच डोक्यावर घेऊन गेले असते. पण मग सुई कोण लावील? तुम्ही लावता?"

या प्रश्नावर तत्त्व एकदम नरम पडले. पायातले बूट काढून, चिखलात पाय टाकताना तोंड वाकडे करत, गुणवंतराव गाडी घेऊन निघाले. रीतीप्रमाणे सगळ्या गावाने पाठ फिरवली. मीही फिरवली, आणि मनातल्या मनात कधी नव्हे ते मरीमायला हात जोडले.

रंभा दारातून बाजूला झाली. खुर्शीदाने पोरीचा काडीसारखा हात मांडीवर घेतला. शीर सापडेना. ती चांद्याच्या बोलीत रंभाशी बोलत होती, "घाबरू नको बाई, मी आहे ना," आणि बोटांनी शोधत होती. सापडली. आढ्याला टांगलेल्या बाटलीतून थेंब पडू लागले. थोड्या वेळाने चंदाने ओठ हलवले. पाणी मागितले. रंभा रडता रडता हसली. मी सांगतो, त्या घटकेला पोर वाचली होती.

तेवढ्यात दारात आवाज आला, "हलू नका हं! असंच राहा. उजेड आहे तोवर घेतो."

गुणवंतराव! शिव ओलांडून, बांधाबांधाने मागच्या वाटेने परत आले होते. सलाइनचा फोटो नाही तर अहवाल कसला? डोळ्याला कॅमेरा. आणि कोटाच्या आतून, काखेखालून, लाल लुगड्याची चिंधी लोंबत होती. गाडी टाकणेही त्यांच्या जिवावर आले होते. प्रदर्शन होते ना.

रंभाने ती चिंधी पाहिली. किंचाळून तिने झडप घातली, पोरीच्या हातातली सुई उपसली, बाटली ओढून आपटली. तिने झडप घातली त्याच क्षणी कॅमेरा खटकला होता. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, जास्त मला सांगवत नाही. तिने आम्हाला बाहेर ढकलून कडी लावली. खुर्शीदा दाराला डोके लावून विनवत राहिली. मीही विनवले, मग शिव्या दिल्या. रंभाचाही मला संताप आला होता, आजही येतो. दिवेलागणीला आतून जो हंबरडा आला त्यानंतर कोणी दार ठोठावले नाही.

मुखरूभाऊने गाडी पुन्हा शिवेबाहेर नेली. दुसऱ्या दिवशी सगळा गाव खुर्शीदापुढे निमूटपणे रांगेत बसला. रंभानेही दंड पुढे केला. गुणवंतराव मात्र 'गावात जिवाला धोका आहे' म्हणून पहाटेच गोंडपिपरीला पळाले होते.

दिवाळीनंतर शाळेच्या नावावर नागपूरहून एक पार्सल आले. चौकटीत बसवलेला फोटो. मध्यभागी बाटली, खुर्शीदाची पाठ, आणि पोरीच्या दंडावर झेपावलेला रंभाचा हात. खाली सुरेख अक्षरांत छापले होते: 'सेवेच्या हाताला कृतज्ञ मातेचा हात.' सोबत सूचना, शाळेत दर्शनी भागी लावावा. लाज विकत मिळत असती तर त्या कॉलेजला मी पोतेभर पाठवली असती.

चौकट फोडून मी तो चुलीत घालणार होतो. पण गावात बातमी लपते कुठे? रंभा शाळेत आली. तिने फोटो हातात घेतला, स्वतःला पाहिले नाही, खुर्शीदाला पाहिले नाही. कोपऱ्यात चंदाचे तोंड आले होते, अर्धे, डोळे उघडे. त्या पोरीचा दुसरा फोटो जगात कुठेच नव्हता.

"गुर्जी," ती म्हणाली, "कैची आहे का तुमच्यापाशी? एवढी माही पोट्टी कापून द्या मले. बाकीचं त्याईले वापस पाठवून द्या."

मी कापून दिली.