बिब्बा मोजणारी पिपेट

मी पिपेट बोलतेय, बदनापूरच्या एका छोट्या प्रयोगशाळेतली. दिसायला जाड पेनासारखी. डोकं दाबून सोडलं की मी मोजून थेंब उचलते, पुन्हा दाबलं की ठेवून देते. थेंब तरी केवढा? मुंगीची तहान भागेल एवढा. जन्मभर हेच केलं, पण कंटाळा आला नाही. मालकीणच तशी भेटली.

माझी मालकीण डॉक्टर तृप्ती, जाफराबादची. औषध देणारी डॉक्टर नव्हे. कोणता पदार्थ त्वचेला किती विषारी, ते तपासणारी. या वाटेला तिला लावलं बिब्ब्यानं. तिची आई तुळजाबाई पायाला भेगा पडल्या की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि टपकणारं तेल भेगेत सोडायची. नऊ वर्षांच्या तृप्तीनं एकदा गुपचूप तेच केलं, आणि पाय फोडांनी असा उतला की पंधरा दिवस शाळा बंद.

"तुला औषध अन् मला विष, असं का गं आई?"

"ज्याला मानवतं त्याला मानवतं. जल्दी जेव अन् झोप."

या उत्तरानं तृप्तीचं समाधान काही झालं नाही.

पुण्यात पीएचडी करताना पहिल्या शिष्यवृत्तीतून तिनं मला विकत घेतलं. तिथं ती बशीत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवायला शिकली. मग मुंबईच्या एका कंपनीत आम्ही आठ वर्षं क्रीम, साबण, केसांचे रंग तपासले. पूर्वी सशांच्या कातडीवर व्हायच्या त्या चाचण्या आम्ही बशीतल्या त्वचेवर करायचो. किती ससे वाचले कोण जाणे; आभार मानायला एकही आला नाही.

तीन वर्षांपूर्वी ती सगळं सोडून बदनापूरला आली आणि सहकारी केदारला घेऊन तिनं ही प्रयोगशाळा थाटली. काम एकच: भेगांसाठी बिब्ब्याचं असं मलम करायचं, जे भेग भरेल पण कातडी जाळणार नाही. प्रयोगांत बिब्ब्याचा अर्क मोजायचं काम फक्त माझ्याकडे. तुळजाबाई एकदा बघायला आल्या. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहून म्हणाल्या, "पायच न्हाई, मंग भेग कुठं भरून राह्यलीस?"

अखेर प्रमाण ठरलं. बशीतल्या पेशी ठणठणीत होत्या. आष्टीच्या कापूस वेचणाऱ्या चाळीस जणी मलम लावून बघायला तयार झाल्या. रीतसर परवानग्या मिळाल्या, डब्या भरल्या, सोमवारी निघायचं ठरलं.

शनिवारी तृप्तीनं सहज मला तराजूवर तपासलं. शंभर मिलिग्रॅम पाणी उचलायचं होतं. भरलं चौऱ्यायशी. पुन्हा केलं, पुन्हा चौऱ्यायशी.

उन्हाळ्यात मी तिच्या हातून टेबलावरून पडले होते. बाहेरून ओरखडाही नव्हता. आतलं सील मात्र ढिलं झालं होतं. तेव्हापासून मी अर्क कमी उचलत होते. म्हणजे पेशी वाचल्या त्या कमी बिब्ब्यावर, आणि डब्यांसाठी अर्क तराजूवर मोजलेला, त्यामुळे त्यांत भरला होता जास्त. मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

"सोळाचा तर फरक आहे," केदार म्हणाला. "तेवढ्यानं काय बिब्बा घातला जाणार?"

"अरे, बिब्बाच तर घातलाय त्यात!"

दोघं हसले. पण तृप्तीनं डब्या कपाटात टाकून कुलूप लावलं आणि दुसऱ्या पिपेटनं, खऱ्या प्रमाणानं प्रयोग पुन्हा केला. एक तृतीयांश पेशी मेल्या.

मग ती आष्टीला गेली. पिशवीत मलम नव्हतं, मी होते. देवळासमोरच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. गटाच्या प्रमुख मीनाबाईंनी विचारलं, "ताई, बिलकुल बराबर आहे म्हणल्ता ना तुमी?"

"म्हणल्ते. चुकलं माझं." तिनं मला वर धरून दाखवलं. "ही पडली माझ्या हातून, अन् मी लगेच तपासली न्हाई. ते मलम लावलं असतं तर पाय उतले असते तुमचे. एक वर्ष द्या मला."

मग मीनाबाई खो खो हसत सुटल्या. "अगं बायांनो, शिकलेलं माणूस आपल्या तोंडानं चुकलं म्हणून राह्यलं! ताई, पुढच्या साली पहिली डबी माझी."

माझं सील बदललं. तृप्तीनं बिब्बा निम्म्यावर आणला आणि सगळे प्रयोग पहिल्यापासून केले. यंदाच्या वेचणीत चाळीस जणींनी मलम लावलं. एकतीस जणींच्या भेगा भरल्या, नऊ जणींना फरक पडला नाही, उतला मात्र एकीचाही पाय नाही. नऊंवर आता काम चालू आहे.

गेल्या महिन्यात तृप्तीचा शोधनिबंध छापून आला. त्यात तिनं पहिला, फसलेला प्रयोगही लिहिला, आणि कारण म्हणून माझा क्रमांक. लोकांची नावं पराक्रमासाठी छापून येतात, माझं चुकीसाठी आलं. तरी केदारनं ते पान भिंतीवर लावलं, तेव्हा मी स्टँडवर जरा ताठ झाले.

आता माझं वय झालंय, दांडा कुरकुरतो. एवढंच मागणं आहे: निवृत्त कराल तेव्हा मला काचेच्या कपाटात ठेवू नका. जाफराबादच्या कॉलेजात द्या. तिथल्या मुलींच्या अंगठ्याखाली रंगीत पाणी उचलत राहीन. आणि हो, पाडलं तर पाडलं म्हणून सांगा. मी रागावत नाही.