भंतेआजोबांचा फणसरंगी रुमाल

मी एक जुना, फणसाच्या रंगाचा रुमाल आहे. हसू नका मित्रांनो, नाक पुसायचा नव्हे! बँकॉकमध्ये, नदीपलीकडच्या थोनबुरीत, कालव्याकाठी आमचा विहार आहे. तिथल्या लुआंग-पूंच्या, म्हणजे आपल्या भंतेआजोबांच्या, खांद्यावरच्या झोळीत मी राहतो. आमच्याकडे भिक्खू बाईच्या हातून थेट काही घेत नाहीत, अगदी केळ्यांचा घडसुद्धा नाही. ते मला समोर पसरतात, माझं एक टोक बोटांनी धरून ठेवतात, आणि बाई आपलं दान माझ्यावर ठेवते. हाताला हात लागत नाही, पण दिलेलं बरोबर पोचतं. दोघांच्या मधली ती वीतभर जागा म्हणजेच माझा सगळा संसार!

विहाराच्या दारापाशी मोगऱ्याचे गजरे विकणारी लमायमावशी आहे ना, तिच्या आईने मला शिवलं. भिक्खूंचं वस्त्र, म्हणजे चीवर, शिवून थोडं जाडंभरडं सुती कापड उरलं होतं. तिने फणसाच्या लाकडाचा गाभा उकळला आणि त्या रंगात मला बुचकळलं. कापड कापायचं मात्र तिच्या अगदी जिवावर आलं, म्हणून मी इतर रुमालांपेक्षा चांगला लांबलचक झालो. "हा रुमाल आहे का शेपूट?" असं म्हणून तेव्हा सगळे हसले होते. मला काय, मी तोऱ्यात होतो!

काय काय आलं माझ्यावर म्हणून सांगू! केळीच्या पानातला चिकट भात, कमळाच्या कळ्या, दानाच्या पिवळ्या बादल्यांमध्ये भरलेले साबण आणि छत्र्या. नव्या बाळांच्या आया यायच्या, परीक्षेला निघालेल्या मुली यायच्या. "काय सुंदर रंग आहे!" असं म्हणून दूरदेशीच्या पाहुण्या बायका माझे फोटो काढायच्या.

मग बाजारात साटिनचे रुमाल आले. चकचकीत, सोनेरी काठाचे, दानाच्या बादलीत फुकट मिळणारे. भंतेआजोबा त्यातलाच एक वापरू लागले, आणि मी झोळीच्या तळाशी गेलो. कधी चष्मा पुसायला बाहेर यायचो, कधी थर्मासचं सैल झाकण बांधायला. एकदा उंदराने माझी कड कुरतडली आणि मी थेट टोकापासून आत फाटत गेलो.

लमायमावशीने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "भंतेआजोबा, टाका ना हे एकदाचं! याने फरशी पुसली तर फरशीला लाज वाटेल."

"फरशी काही बोलली नाही गं. तूच बोलते आहेस."

"बरं, द्या इकडे! माझ्या आईचे टाके आहेत म्हणून, नाहीतर कुत्र्याच्या अंथरुणात घातलं असतं." तिने मांडीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि मला त्यावर ठेवायला लावलं. मग गजऱ्याच्या सुईने आणि गजऱ्याच्याच पांढऱ्या दोऱ्याने मला शिवलं. शिवताना ती बडबडतच होती. पिवळ्यावर पांढरे टाके! मला फार लाज वाटली. आणि मित्रांनो, गजऱ्याचा दोरा तो, फुलं धरायचा. तो असून असून किती भक्कम असणार?

ते एका ऋतूच्या आतच कळायचं होतं.

त्या दिवशी मुलींची एक शाळा मंदिरं पाहायला आली होती. आमच्या अंगणात उंच जुना मनोरा आहे. त्यावर चिनी बशांच्या तुकड्यांची फुलं बसवली आहेत. चढण इतकी उभी, की पायऱ्या गुडघ्याला लागतात. मधल्या गच्चीवर भंतेआजोबा पारव्यांची घाण झाडत होते, आणि मी झोळीत.

"ए बायतोय! कोनाड्यातल्या त्या तीन डोक्यांच्या हत्तीला हात लावून दाखव की!" खालून मुक नावाची मुलगी ओरडली. "का फाटली?"

"बघच तू, माकडे!" बायतोय म्हणाली, आणि पायऱ्या सोडून बाजूच्या अरुंद पट्ट्यावर गेली. हत्तीला तिचा हात लागलासुद्धा. मग तिने खाली पाहिलं.

झालं. पोरगी तिथेच थिजली. पट्टा पावलाएवढा रुंद. खाली विटांचं अंगण. तिच्या कमरेची पाण्याची बाटली सुटली आणि दणादण आपटत खाली गेली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. मग कुणीच हसेना.

"बाळा, खाली बघू नकोस गं!" त्यांच्या बाई ओरडल्या. त्या पोटुशी होत्या, चढणार कशा? कुणीतरी बोलावलेली अग्निशमनाची गाडी कालव्यावरच्या चिंचोळ्या पुलापलीकडे अडकून नुसती भोंगा वाजवत होती.

भंतेआजोबा पायऱ्या उतरून तिच्या पातळीला आले. एका हाताने लोखंडी कठडा धरला आणि दुसरा हात पुढे केला. "ये पोरी, धर."

आणि बायतोय मागे सरकली!

"नको, नको, भंतेआजोबा! तुम्हाला शिवायचं नसतं, पाप लागतं. आजी म्हणते."

"पापाचं मी बघतो. तू पायाचं बघ."

ते पुढे वाकले की ती आणखी मागे. मुद्दाम नव्हे हो! भिक्खू दिसले की अंग चोरायचं, हे आमच्या मुलींच्या हाडात मुरलेलं असतं. डोक्याला कळत होतं, पण अंग ऐकत नव्हतं. तिने आधारासाठी भिंतीवरचं बशीचं फूल घट्ट पकडलं, आणि ते कर्रर्र वाजलं. चुना तिच्या पायावर सांडला. खालून लमायमावशी किंचाळली, "भंतेआजोबा, हात नका पुढे करू! ती पडेल!"

त्यांनी हात मागे घेतला. झोळीतून साटिनचा रुमाल काढला आणि टोक तिच्याकडे फेकलं. तिने ते पकडलं, पण घामेजल्या तळव्यातून साटिन मासळीसारखं सुळकन निसटलं. ती हेलकावली. भिंतीतलं फूल अर्धं बाहेर आलं.

मग त्यांची बोटं तळाशी आली, माझ्याकडे. एक टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं. दुसरं, गजऱ्याच्या दोऱ्याने शिवलेलं, तिच्याकडे गेलं. अहो, ते नको, दुसरं टोक द्या! मला ओरडायचं होतं. पण रुमालाला कुठलं तोंड?

बायतोयने मला मुठीत धरलं. माझं जाडंभरडं सूत तिच्या घामाला चिकटून बसलं. "हं, आता हा रुमालच बघ," भंतेआजोबा म्हणाले. "चीवराचं कापड आहे, याच्यावर पाय ठेवायचा नाही, एवढं मात्र लक्षात ठेव."

एवढ्या भीतीतही तिला हसू फुटलं. तिने एक पाऊल टाकलं. तेवढ्यात फूल भिंतीतून सुटलं, आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला.

ताण बसला. एक टाका तुटला. पाठोपाठ दुसरा. मी आईची आठवण काढली, म्हणजे त्या माउलीची, जिने मला कापलं नाही. एवढा लांब नसतो, तर मनगटाला वेढा घालून तिच्यापर्यंत पोचलोच नसतो! तिसरा टाका ताणला, कुरकुरला... आणि टिकला.

बायतोयचा पाय पायरीवर आला.

उतरताना तिने मला सोडलं नाही. ती बसत बसत, घसरत खाली आली, आणि त्या दोघांच्या मध्ये मी ताठ होतो. अंगणात पोचल्यावर मुक तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. "माकड मी गं, मी!"

भंतेआजोबा सावलीत बसले.  त्यांनी मला समोर पसरलं. का, ते मला कळेना, कारण दान कुठे होतं? तेव्हा बायतोय गुडघ्यांवर बसली. तिने दुसरी मूठ उघडली. तळवा कापला होता, आणि त्यात ते बशीचं निळं फूल होतं. ती ते सोडायचंच विसरली होती! तिने ते अलगद माझ्यावर ठेवलं आणि हात जोडले.

इतकं जड दान माझ्यावर कधी आलं नव्हतं.

फूल पुन्हा मनोऱ्यावर बसलं. माझ्यावर एक लाल डाग राहिला, तो काही जात नाही. लमायमावशीने टाके पुन्हा घातले, या वेळी दुहेरी दोऱ्याने. "पांढराच?" भंतेआजोबांनी विचारलं. "मग काय सोन्याचा आणू?" ती फणकारली. आता मला त्या पांढऱ्या टाक्यांची लाज वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादं फाटकं फडकं कोपऱ्यात पडलं असेल, तर फेकायच्या आधी सुई आणा. दोरा कुठलाही चालेल. बडबडत शिवलंत तरी चालेल. फक्त शिवा. त्याच्या दुसऱ्या टोकाला उद्या कोण लोंबकळत असेल, ते आज तुम्हाला ठाऊक नाही.