कुलूपवाली खोली

माझ्या पीएचडीचा सगळा जीव एका डब्यात होता. काचेच्या चोवीस पट्ट्या आणि प्रत्येकीवर पॉलिअनिलिनचा हिरवा थर. पॉलिअनिलिन म्हणजे वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक. त्याच्या हलक्या बॅटऱ्या करता येतात. तो थर उघड्या हवेत वर्षभर टिकतो का, एवढंच मला दाखवायचं होतं. अकरा महिने दर सोमवारी मी मोजमाप घेतलं होतं. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती.

एप्रिलमध्ये कॉलेजनं आमची लॅब उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला घेतली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, डबा घरी ने. मी तो शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर आणला, कोनाड्यात ठेवला आणि वडिलांना बजावलं, "आबा, याला कुणी हात लावायचा न्हाई. झाकणाची भोकं बुजवायची न्हाईत." मग चार दिवस कामासाठी संभाजीनगरला गेले.

परत आले तर कोनाडा रिकामा.

"आतल्या खोलीत ठिवलाय," आबा म्हणाले. "घरात कुलूप तिथंच हाय. तुजी वर्साची मेहनत अशी उघड्यावर कशी सोडायची?"

आतली खोली म्हणजे शेरडांची. आमच्यात कुलूप माणसांना नाही, शेरडांना लागतं. बिबट्या फिरायला लागल्यापासून तर चाळीसही शेरडं तिथंच कोंडलेली असतात.

मी डबा उघडला. चोवीसही पट्ट्या निळ्या पडल्या होत्या. शेरडांच्या मुतातून अमोनिया उठतो. तो थरातलं आम्ल काढून घेतो आणि वीज वाहायची थांबते. हे मीच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय. पण घरी अमोनिया असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या कपड्यांना वास येतो म्हणून होस्टेलच्या मुली नाक मुरडायच्या, तेव्हा मी त्यांच्याशी भांडले होते. मला तो वास कधी आलाच नाही. कोनाड्याच्या भिंतीपलीकडंही शेरडंच होती, तिथंही पट्ट्या वाचल्या नसत्या. आबांवर राग काढायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

सरांना फोन लावला.

"आम्लात बुडव, हिरवं होईल."

"होईल सर, पण वर्ष मोडलं."

ते म्हणाले, "एकतीस मेला मुदत संपते, करिष्मा."

घरात आम्ल म्हणजे लिंबू. वाटीत रस पिळून मी एक पट्टी बुडवली. कशासाठी, मलाच माहीत नाही. हळूहळू थर हिरवा झाला. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"आलं की माघारी," ते म्हणाले. "मी लई भ्यालतो, पोरी. म्हटलं, माज्या हातनं काय इस्कोट झाला का काय."

"न्हाई आबा. काय झालं न्हाई."

त्यांनी ती पट्टी धोतरानं हलकेच पुसली, डब्यात ठेवली आणि डबा पुन्हा आतल्या खोलीत नेला. कुलूप लावून किल्ली करदोड्याला बांधली.

"आता बिनघोर ऱ्हा," ते म्हणाले.

मी त्यांना अडवलं नाही.