पाचव्या मजल्यावरचा बाण

सकाळी तिला हॉटेलातून फोन आला. काल दुपारी पाचव्या मजल्यावरच्या एका पाहुण्याच्या छातीत कळ आली होती. धावत आलेला डॉक्टर लिफ्टसमोरचा बाण बघून डावीकडे पळाला. खोली होती उजवीकडे. तो परत फिरेपर्यंत चार मिनिटं गेली. पाहुणा वाचला नाही.

चारशे खोल्यांच्या त्या हॉटेलातली प्रत्येक पाटी तिनेच आखली होती. ती तडक तिथे पोचली. पाटी दिसायला सुबक, पण साफ खोटी. याच मजल्यावर खांब आडवा आला म्हणून ती समोरच्या भिंतीवर लावली होती. भिंत बदलली की बाणही फिरवायला हवा. तो कुणी फिरवलाच नव्हता.

पाट्या बसवणारे काका, तिचे चुलत सासरे, शिडीला टेकून उभे होते. चेहरा पांढराफटक.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुमचा नकाशा बरोबर आहे. बसवणाऱ्याची चूक, एवढं लिहून द्या. विषय मिटला. आमचं पुढचं हॉटेलही तुम्हालाच."

"दे लिहून, सूनबाई," काका पुटपुटले. "माझे हात तसेही थकलेत."

पण काकांनी पाटी बसवायच्या दिवशी फोन करून विचारलं होतं, 'खांब आहे, समोर लावू का?' आणि ती घाईघाईत म्हणाली होती, 'लावा की, त्यात काय विचारायचं!'

तिने कागद ओढला आणि चूक आपलीच असल्याचं लिहून दिलं.

"स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय," मॅनेजर म्हणाला.

मग ती त्या पाहुण्याच्या बायकोच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाई ऐकत राहिल्या.

"डॉक्टर चार मिनिटं आधी आला असता, तर हे वाचले असते?"

"मला माहीत नाही."

बाईंनी पलंगावरच्या बॅगेकडे बोट दाखवलं. "यांचे कपडे भरलेत. चेन लागत नाहीये."

तिने गुडघा टेकवून बॅग दाबली. बाईंनी चेन ओढली. दोनदा अडकली, तिसऱ्यांदा लागली. बाईंनी बॅग उचलली आणि मागे वळून न बघता बाहेर पडल्या.

पुढचं हॉटेल दुसऱ्याला गेलं. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. बाईंनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मात्र तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.