हल्लेखोराची विचारपूस

प्रताप नगरातल्या सर्वांगीण आरोग्य वर्गात नाव घालताना सरिता रामटेकेने सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा बिचारा ठणठणीत होता. वर्गात सकाळी आधी प्राणायाम, मग आसनं आणि शेवटी स्वसंरक्षण असा भरगच्च बेत असे. सरिताला त्यातला फक्त शेवटचा भाग हवा होता.

महिन्याभराने जरीपटक्याला पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. तिथे नवऱ्याचे चुलतभाऊ ताराचंद असणार, पंधरा वर्षांच्या हर्षाला 'ये बेटा' म्हणून जवळ ओढणार आणि तिच्या खांद्यावर टाकलेला हात लवकर काढणार नाहीत, हे ठरलेलं. हर्षाने वर्षापूर्वी एका लग्नातून परतताना सांगितलं होतं, "आई, मले नाही आवडत त्याईचं ते." सरिताने नवऱ्याच्या कानावर घातलं. रविंद्र म्हणाला, "त्याईचा स्वभावच तसा आहे. तू काहून एवढं मनावर घेते वं?" आणि सरिताने खरंच मनावर घेतलं नाही. गरीब स्वभावाची म्हणून सासरी तिचं नाव होतं, आणि ते टिकवायला ती भारी मेहनत घेई. आता हर्षा म्हणत होती, "मी येतच नाही साक्षगंधाले."

वर्ग घेणारी मिनल वयाने सरिताच्या निम्मी. पहिला धडा लाथेचा असेल असं सरिताला वाटलं होतं, पण तो निघाला ओरडण्याचा. मिनलचा भाऊ धर्मेंद्र डोक्याला हेल्मेट आणि पोटाला सोफ्याची उशी बांधून एकेकीचं मनगट धरी. बाकीच्या बायका अशा कडाडल्या की समोरच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी खिडकी लावून घेतली. सरिताची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, थोडं सोडता का?"

धर्मेंद्र संस्कारी मुलगा. त्याने लगेच सोडलं.

"काकू, तुम्ही तर हल्लेखोराची विचारपूस करून राहिल्या," मिनल म्हणाली. "त्याले भाऊ नका म्हणू."

"मंग काय म्हणू?" सरिताने अगदी मनापासून विचारलं. आजवर ऑटोवाला, भाजीवाला, मीटर पाहायला येणारा, सगळ्यांना ती भाऊच म्हणत आली होती.

दुसऱ्या आठवड्यात तिचं कोपर धर्मेंद्रच्या उशीवर नीट बसलं, तर तिने लागलीच विचारलं, "लागलं का?" पुढे त्याला खोकला झाला तेव्हा ही डब्यात आलेपाक घेऊन हजर. घरी कोणी ऐकू नये म्हणून ती कुकरच्या शिट्टीसोबत ओरडायचा सराव करी, आणि दर वेळी कुकरच जिंके. वर्ग सुटल्यावर सगळ्याजणी मिळून तर्री पोहे खात, त्यामुळे महिन्याअखेर सर्वांगीण आरोग्यात दीड किलोची भर तेवढी पडली.

साक्षगंधाला हर्षा आली ती आईच्या शब्दावर. "मी आहे नं," सरिता म्हणाली होती. म्हणताना तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता, आणि हर्षाला ते कळलं असेल की काय, या धास्तीने तिला रात्रभर झोप आली नाही.

जेवणं सुरू झाली तशी ताराचंदनी हाक मारली, "ये बेटा, इकडं बस." हात खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला. हर्षाने आईकडे पाहिलं. सरिता उठली. डावा पाय पुढे, श्वास पोटात, तळहात वर, सगळा धडा तिला घडाघडा आठवला. पण एका हातात ताट होतं, पदर खुर्चीत अडकला होता, आणि सवयीने ती चक्क हसली. ताराचंदही हसले. हर्षाने मान खाली घातली.

तेव्हा सरिताला स्वतःची किळस आली.

"भाऊजी, हात काढा."

"काहून? माही पोरगी नाही का ते?"

"तिले आवडत नाही. काढा म्हटलं नं."

आवाज थरथरत होता, पाय चुकीचे होते, मिनलने शून्य गुण दिले असते. पण आजूबाजूच्या तीन ओळींनी ऐकलं. ताराचंदनी हात काढला आणि मठ्ठ्याचा ग्लास उचलला. रविंद्र लगबगीने आला. "सरिता, लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या," ती म्हणाली, आणि हर्षाला घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. बसताना तिचा गुडघा खुर्चीवर आपटला, आणि महिन्याभराचं कारण आता खरं झालं.

सरिताने हातातलं ताट हर्षापुढे सरकवलं. मग हर्षाने हळूच विचारलं, "आई, एवढंच तर म्हणायचं होतं. मंग मी सांगितल्यावर इतके दिवस काहून नाही म्हटलं?"

सरिताने गुडघा, कामं, नवरा, सगळी कारणं चाचपून पाहिली. मग सगळी बाजूला ठेवली.

"मले भेव वाटे," ती म्हणाली.

"त्याईचं?"

"नाही. मले वाईट म्हणतील त्याचं."

हर्षा तिच्याकडे बघत राहिली. तिने माफ केलं की नाही, ते सरिताला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत कोणत्याही वर्गात शिकवत नव्हते.